चेंबरच्या झाकणावर कलशेट्टी मॅडम

सोलापुरात चांगली हवा मिळेलच असं नाही, पण हवा चांगली असल्याचा दाखला मिळतो. एमआयडीसीतल्या ज्या खासगी लॅबमध्ये मी बरीच वर्षं काढली, तिचा धंदाच तो होता. कारखानदाराने फोन करायचा, आम्ही पंप आणि काचेच्या नळ्या घेऊन जायचं, त्याच्या शेडमधली हवा नळीतल्या द्रावणातून बुडबुडे काढत ओढायची, आणि काही दिवसांनी त्याला गुळगुळीत कागदावर छापून द्यायचं की तुमच्याकडची हवा उत्तम आहे. रिपोर्ट टाइप करून त्याला कव्हर घालणं माझ्याकडे होतं. मालक होनराव साहेब सही करत. या सगळ्यात हवेला फारसं काम नसे.

असा सुरळीत संसार चालू असताना महादेवी कलशेट्टी आमच्याकडे मुख्य केमिस्ट म्हणून आल्या.

मॅडम मूळच्या सीमेवरच्या दुधनी गावच्या. वडिलांचं तिथल्या बाजारात तुरीचं आडत दुकान. घरात कन्नड, शाळेत मराठी, पुढे सगळं इंग्रजी. उत्तरेकडच्या एका सरकारी प्रयोगशाळेत त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. युद्धात सोडतात तसले विषारी वायू हवेत अगदी कणभर असले तरी बोंब मारतील, अशी यंत्रं तिथे पारखली जात. वडील थकले म्हणून त्या नोकरी सोडून इकडे आल्या, आणि होनराव साहेबांनी त्यांना हातोहात उचललं. असं नाव लॅबच्या माहितीपत्रकावर शोभून दिसतं. साहेबांना मॅडम बहुधा माहितीपत्रकापुरत्याच हव्या होत्या. त्या रोज कामावर येतील आणि काम करतील याची त्यांना कल्पना नसावी.

ठेंगणा बांधा, कडक इस्त्रीची सुती साडी, साडीखाली पुरुषी स्पोर्ट्सचे बूट, आणि बारमाही काखेत छत्री. शनिवारी दुपारी त्या पॅसेंजरने दुधनीला जात आणि सोमवारी सकाळी वडिलांच्या आजाराची एखादी नवी तक्रार आणि डबाभर शेंगापोळ्या घेऊन परत येत. पोळ्या सगळ्यांना मिळायच्या. तक्रारी यंत्रासमोर बसून कन्नडमध्ये व्हायच्या. यंत्राला कन्नड कळतं असं त्यांचं म्हणणं होतं. निदान ते मध्येच बोलत नाही, एवढं खरं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या टायपिंगवर हात घातला. आमच्या प्रत्येक रिपोर्टात विषारी वायूंच्या रकान्यापुढे 'नाही' असं छापलेलंच असायचं, मी फक्त कंपनीचं नाव बदलायचो. मॅडमनी मला बोलावून शांतपणे सांगितलं की जगात कुठली गोष्ट 'नाही' हे फक्त देवाला माहीत असतं. आपल्याला ती सापडली नाही, एवढंच आपण लिहू शकतो. आणि किती बारीक शोधल्यावर सापडली नाही, तेही खाली लिहायचं. मी म्हटलं, मॅडम, गिऱ्हाइकाला 'नाही' आवडतं. त्या म्हणाल्या, मग त्याला देवाकडून रिपोर्ट घेऊ दे.

हे त्यांचं फक्त कामापुरतं नव्हतं. चहात साखर आहे का विचारलं तर म्हणत, माझ्या जिभेला सापडली नाही. एकदा होनराव साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, मॅडम, आमच्यावर तुमचा विश्वास नाही का? मॅडमनी खरोखर थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "अजून सापडला नाही. शोधतेय." साहेब मोठ्याने हसले. हसण्यावारी नेण्याची सवय त्यांना तेव्हापासूनच लावून घ्यावी लागली.

दुसरा त्यांचा हट्ट वेळेचा. आमची गाडी कारखान्यात जायची ती कारखानदाराला आदल्या दिवशी कळवून आणि त्याच्या सोयीने. त्याची सोय बहुतेक सकाळी असे, भट्टी पेटायच्या आणि टाक्या उघडायच्या आत. मॅडम म्हणायच्या, वेळ विचारून गेलात की हवासुद्धा पाहुणचार करते. त्यामुळे त्या न सांगता, जेवणाच्या सुट्टीनंतर कधीतरी रिक्षाने जाऊन थडकायच्या. गेटवरचे वॉचमन त्यांना आधी विमा एजंट समजायचे, मग नातेवाईक, आणि शेवटी संकट.

खंडेनवमीची गोष्ट तर आमच्याकडे बराच काळ गाजली. होनराव साहेब दरवर्षी यंत्रांची पूजा करत, आणि थाटात करत. त्या वर्षी त्यांनी सगळ्यात महागड्या यंत्रासमोर उदबत्तीचा अख्खा पुडा लावला, धूप जाळला, वर अत्तर शिंपडलं. मॅडमनी नमस्कार केला, प्रसाद घेतला, आणि सगळे पेढे खात असताना कोपऱ्यात पंप लावून त्या खोलीतल्या हवेचा नमुना घेतला. दुसऱ्या दिवशी रीतसर रिपोर्ट आला. आम्ही आजवर तपासलेल्या कुठल्याही कारखान्यापेक्षा ती हवा वाईट होती. मॅडमनी तो कागद नोटीस बोर्डावर लावला. कंपनीच्या नावाच्या जागी आमच्याच लॅबचं नाव, आणि खाली शेरा: यंत्र आजारी आहे, देवाला दोष नाही. यंत्राच्या पोटातला धूर निघून ते ताळ्यावर यायला बरेच दिवस लागले. तेवढे दिवस आमचे दाखले आम्ही जुन्याच श्रद्धेवर दिले.

आणि एवढं सगळं करणाऱ्या या बाईला वास येत नसे. कशाचाच नाही. मोगऱ्याचा नाही, फिनेलचा नाही, उतू गेलेल्या दुधाचाही नाही. हे आम्हाला कळलं तेव्हा लॅबमध्ये तर्कांना ऊत आला. कोणी म्हणालं, सरकारी प्रयोगशाळेत विषारी वायू सुटला होता, त्यात नाक गेलं. कोणी म्हणालं, सरकारनेच गुप्ततेसाठी काहीतरी केलं. खरं कारण त्यांच्या भावाने मला एकदा सांगितलं. लहानपणी त्या चिंचेच्या झाडावरून डोक्यावर पडल्या होत्या, बस. हे इतकं साधं होतं की लॅबमध्ये कोणी ते मानलं नाही. मॅडमनीही खुलासा केला नाही. त्यांचं म्हणणं, नाक चालत नसल्याचा फायदाच आहे, त्याचं ऐकावं लागत नाही.

आता मुख्य गोष्ट.

एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत टॉवेलला शिवण मारण्याची एक मोठी शेड होती. पत्र्याचं छत, ओळीने मशिनी, आणि मशिनीवर शहराच्या पूर्वभागातल्या विणकर घरांतल्या बायका. त्या उन्हाळ्यात तिथल्या बायका आजारी पडायला लागल्या. डोकं धरायचं, मळमळायचं, डोळे चुरचुरायचे. दुपारनंतर जास्त. शेडच्या मालकाने, ज्यांना सगळे टॉवेलवाले शेठ म्हणत, आपल्या डॉक्टरांना आणलं. डॉक्टरांनी उपवास, अशक्तपणा आणि मोबाइल ही तीन कारणं सांगून फी घेतली. तरी बायका आजारी पडतच राहिल्या, तेव्हा शेठनी आमच्याकडून हवेचा दाखला मागवला. साहेबांनी मॅडमना न सांगता एका नवख्या केमिस्टला पाठवलं, सकाळी, वेळ ठरवून. हवेने पाहुणचार केला. रिपोर्ट स्वच्छ आला.

दाखला भिंतीवर लागला आणि दोन दिवसांत नागमणी नावाची बाई मशीनवरच तोल जाऊन खाली पडली. कपाळाला टाके पडले. शेठ म्हणाले, हवा स्वच्छ आहे हे आता कागदावर आलंय, तेव्हा ही नाटकं आहेत. आणि नाटक करणाऱ्यांना त्यांनी घरी बसवायचं ठरवलं, सुरुवात नागमणीपासून.

शेठनी मागितलेली या दाखल्याची आणखी एक प्रत द्यायला मी निघालो होतो. मॅडमनी माझ्या हातातला रिपोर्ट पाहिला, नमुना घेतल्याची वेळ वाचली, छत्री उचलली आणि माझ्याबरोबर निघाल्या. शेठच्या केबिनमध्ये न जाता त्या सरळ शेडमध्ये शिरल्या. मला वाटलं आता पंप लावतील. त्या बायकांच्या पायांकडे बघत शेडभर हिंडल्या.

बायकांच्या पायांतली जोडवी काळी पडली होती. चांदीची जोडवी, काजळ फासल्यासारखी. मॅडमनी चौकशी केली तेव्हा कळलं की हे उन्हाळा लागल्यापासूनच आहे, आणि या चांदीवरून घराघरांत रामायण झालेलं आहे. नागमणीची सासू म्हणत होती की माहेरच्यांनी खोटी चांदी घातली. नागमणीचा भाऊ सराफाची पावती घेऊन भांडायला आला होता. दोन घरांचं बोलणं बंद होतं. कपाळाला पट्टी बांधलेली नागमणी आपलं सामान न्यायला म्हणून त्या दिवशी आली होती. ती मॅडमना म्हणाली, "रांगोळीनं घासते की मॅडम, चकाचक करते. दोन दिवसांत पुन्हा कोळसा. घरी ठेवलेले पैंजण तसेच्या तसे हायत. हितं घालून आलं की काळं."

मॅडमनी तिला शेजारी बसवून घेतलं. मी त्यांना इतक्या मऊ आवाजात बोलताना पहिल्यांदा ऐकलं. "तुझ्या माहेरची चांदी खरी आहे," त्या म्हणाल्या. "खोटी असती तर काळी पडली नसती. सासूला सांग, लॅबवाल्या बाईंनी सांगितलंय."

नागमणी रडायला लागली. कपाळ फुटलं तेव्हा ती रडली नव्हती, असं बाकीच्या बायका म्हणाल्या.

चांदी काळी करणारा वायू म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. थोडा असला तर कुजक्या अंड्यांचा वास येतो. फार झाला तर माणूस जागच्या जागी पडतो. मॅडमनी लॅबमधून कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या आणल्या. शिशाचं औषध लावलेल्या या पट्ट्या, तो वायू लागला की तपकिरी होतात, फार लागला की काळ्या. त्यांनी त्या शेडभर दोऱ्याने बांधल्या, तोरणासारख्या. शेठनी विचारलं, हे कशाचं डेकोरेशन? मॅडम म्हणाल्या, तुमच्या हवेच्या सत्काराचं.

सकाळभर पट्ट्या पांढऱ्या राहिल्या. शेठ येता-जाता हसत होते. जेवणाच्या सुट्टीनंतर मागच्या भिंतीकडच्या पट्ट्या चहाच्या रंगावर आल्या.

भिंतीपलीकडे जमिनीखालून एक गटार जायचं आणि शेडच्या मागेच त्याचं चेंबर होतं. वास यायचा तो बायका गटाराचाच समजायच्या. गटाराच्या वरच्या अंगाला दोन कारखाने. एक सुताला काळा रंग देणारा, त्याच्या सांडपाण्यात सल्फाइड. दुसरा लोखंडी भाग अॅसिडने धुणारा, तो रोज दुपारी आपली टाकी मोकळी करायचा. दोघांचं पाणी वेगवेगळं असतं तर एवढं काही झालं नसतं. चेंबरमध्ये दोघं भेटत आणि भेटले की हा वायू जन्माला येई. दोन्ही कारखान्यांकडे स्वच्छतेचे दाखले होते. आमचेच. दोन्ही दाखले एका परीने खरेही होते, कारण दोघांनीही विष तयार केलेलं नव्हतं. त्यांनी फक्त आपापला वाटा दिला होता.

होनराव साहेबांनी तिन्ही मालकांना लॅबमध्ये चहाला बोलावलं. तिघंही आमची गिऱ्हाइकं, त्यामुळे चहाबरोबर काजूही होते. मॅडमनी पट्ट्या टेबलावर मांडल्या. रंगवाले शेठ म्हणाले, कागदाचं काय, उन्हानेही पिवळा पडतो. अॅसिडवाले म्हणाले, आमचा कारखाना वडिलांच्या वेळेपासून आहे. टॉवेलवाले शेठ म्हणाले, मी रोज शेडमध्ये उभा राहतो, मला कसला वास येत नाही.

"मलाही येत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण मला तो कशाचाच येत नाही. तुमचं काय झालंय ते बघायला पाहिजे."

बैठकीत असं ठरलं की दोष कोणाचा नाही, गटार तुंबलंय, ते साफ करून घ्यावं. खर्च तिघांत वाटायचा म्हणून स्वस्तातला मार्ग निवडला गेला. तो म्हणजे माणूस. मशीनची गाडी मागवण्यापेक्षा एक माणूस दोरी बांधून आत सोडणं सोपं पडतं. मॅडमना ही शेवटची गोष्ट कोणी सांगितली नाही. ती त्यांना दुसऱ्या दिवशी नागमणीने फोन करून सांगितली. तिला कामावरून काढायचं पट्ट्यांच्या गडबडीत राहून गेलं होतं.

पुढचं मी अर्ध्यावरून पाहिलं, आधीचं बायकांनी सांगितलं. मॅडम पोचल्या तेव्हा चेंबरचं झाकण अर्धं सरकवलेलं होतं. सिद्राम नावाचा माणूस शर्ट काढून, कमरेला दोरी बांधून काठावर बसला होता, पाय आत सोडून. मॅडमनी आधी त्याला काठावरून मागे सरायला लावलं. मग दोऱ्याला पट्टी बांधून आत सोडली. ती वर आली तेव्हा डांबरासारखी होती. ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, कागद काळा झाला म्हणून काम थांबवायचं का? सिद्राम स्वतः त्यांची समजूत घालायला लागला. त्याला अक्कलकोटकडचं कन्नड यायचं, मॅडमचा हेल त्याने ओळखला असावा. तो म्हणाला, "अक्का, भिऊ नका. पयल्यांदा वास लई येतो, डोकं फिरतं. मग जरा दम धरला की वास जातो. मग कायबी तरास न्हाय."

हे ऐकून मॅडमचा चेहरा पांढरा पडला, असं नागमणी सांगते. कारण वास जातो म्हणजे वायू जात नाही, नाक मरतं. त्यानंतर माणूस मरायला फार वेळ लागत नाही. वाद घालायला मॅडमकडे वेळही नव्हता आणि माणसंही. त्यांनी दोन बायकांच्या मदतीने झाकण ढकलून जागेवर बसवलं आणि स्वतः त्यावर बसल्या.

लोखंडी झाकण, सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन. त्यावर पदर टाकून बसता येणार नव्हतं. मॅडमच्या पिशवीत त्या तिन्ही कारखान्यांचे आमच्या लॅबचे रिपोर्ट होते, जाड पुठ्ठ्याच्या कव्हरांसह. ते त्यांनी खाली घेतले. कव्हरं मी स्वतः निवडलेली होती, त्यामुळे ती कुठेतरी उपयोगी पडली याचं मला समाधान आहे.

होनराव साहेबांचा मला फोन आला की मॅडमना घेऊन ये, काहीही करून. मी गेलो. गल्लीत बघ्यांची गर्दी. मध्ये मॅडम छत्री उघडून बसलेल्या, एखाद्या लग्नघरातल्या रुसलेल्या मावशीसारख्या. टॉवेलवाले शेठ आवाज चढवत होते, अॅसिडवाले फोनवर कोणाला तरी 'एक वेडी बाई' असं सांगत होते, रंगवाले शेठ गाडीतून उतरलेच नव्हते. शेडमधल्या बायका मशिनी बंद करून बाहेर येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी घोषणा वगैरे काही दिल्या नाहीत. नागमणी अधूनमधून पाणी आणून देत होती.

मी जवळ जाऊन साहेबांचा निरोप सांगितला. मॅडमनी मलाच विचारलं की साहेबांना या चेंबरमध्ये उतरायला किती वेळात येता येईल. मी मागे सरकलो.

मुकादमाने शेवटी सिद्रामलाच पुढे केलं. तू सांग त्यांना, तुझं काम आहे. सिद्राम हात जोडून म्हणाला की अक्का, माझी रोजी बुडते. मॅडम तेवढ्या वेळात पहिल्यांदा गडबडल्या. त्या खाली बघत म्हणाल्या, "बुडू दे. तू बुडू नकोस."

फायर ब्रिगेडला फोन त्यांनी बसतानाच केला होता. गाडी आली. मॅडमना झाकणावरून बाजूला घेतल्यावर जवानाने वायू मोजायचं यंत्र दोरीने आत सोडायला झाकण किलकिलं केलं, आणि यंत्र निम्म्यावर जायच्या आत किंचाळायला लागलं. कागद काळा होऊन जे कोणाला पटलं नव्हतं ते यंत्र ओरडल्याबरोबर पटलं. गर्दी सरासर मागे गेली. त्यात टॉवेलवाले शेठ सगळ्यात पुढे होते, म्हणजे सगळ्यात मागे. त्या जवानाने यंत्राचा आकडा पाहिला. त्याने सिद्रामच्या कमरेची दोरी स्वतःच्या हाताने सोडली.

मॅडमना उठवायला मी आणि नागमणी असे दोघं लागलो होतो. नंतर मी विचारलं की एवढा वेळ बसून राहायची हिंमत कशी झाली. त्या म्हणाल्या, हिंमत कसली, पायाला मुंग्या आल्या होत्या, उठताच येत नव्हतं.

पुढे सगळं फार छान झालं. दोन्ही कारखान्यांचे पाइप वेगळे झाले, गटार मशीनने उपसलं गेलं, बायकांची डोकी दुखायची थांबली. सुरक्षा सप्ताहात टॉवेलवाल्या शेठना कामगारांच्या आरोग्याची काळजी घेतल्याबद्दल ढाल मिळाली. त्यांनी भाषणात सांगितलं की आपल्याला पहिल्यापासूनच शंका होती. आमच्या लॅबची तीन गिऱ्हाइकं दुसऱ्या लॅबकडे गेली. साहेबांनी मॅडमचा भव्य निरोप समारंभ केला. शाल, नारळ, वैयक्तिक कारणास्तव दिलेल्या राजीनाम्याबद्दल हळहळ, सगळं रीतसर. राजीनामा आपण दिलाय हे मॅडमना समारंभातच कळलं असं काही लोक म्हणतात. मॅडमनी भाषणात साहेबांचे आभार मानले. ते का, हे साहेबांना शेवटपर्यंत सापडलं नाही.

नागमणी कामावर राहिली. शेठना तिला आता काढता येत नव्हतं, ढालीच्या फोटोत ती शेजारी उभी होती.

कृतज्ञतेचं म्हणाल, तर सिद्राम फार चिडला होता. ठेकेदाराने त्याला त्यानंतर कामावर बोलावलं नाही. तो गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर ज्याला त्याला सांगायचा, "ती बाई झाकनावर न्हाय बसली, माज्या पोटावर बसली." मी हे मॅडमच्या कानावर घातलं, मला वाटलं त्यांना राग येईल. त्या म्हणाल्या, बरोबर आहे त्याचं. मग गटार उपसण्याच्या मशीनगाड्या ज्याच्याकडे होत्या त्या ठेकेदाराच्या ऑफिसात त्या रोज जाऊन बसायला लागल्या. बसण्याचा त्यांचा लौकिक तोवर एमआयडीसीभर पसरला होता. ठेकेदाराने फार ताणलं नाही. सिद्राम गाडीवर लागला. आता पाइप आत जायचा, तो वर उभा राहायचा. त्याने मॅडमचे आभार मानल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मॅडमनी अपेक्षा केल्याचंही नाही.

त्या दुधनीला परत गेल्या आणि तिकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागल्या. वडील गेले तेव्हा मी जाऊन भेटून आलो. त्यानंतर फोनवर बोलणं व्हायचं, तेही सणासुदीला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी, अक्कलकोट रोडवरच्या एका मंगल कार्यालयात. सिद्रामच्या मुलीचं लग्न होतं. मला पत्रिका आली होती ती जुन्या ओळखीने. मॅडमना पत्रिका द्यायला मात्र तो स्वतः दुधनीला गेला होता, हे मला तिथेच कळलं. मी उशिरा पोचलो. अक्षता पडून गेल्या होत्या, बॅन्डवाले जेवायला बसले होते. पंगतीच्या शेवटच्या ओळीत मॅडम खाली मांडी घालून बसलेल्या, केस पुष्कळ पांढरे झालेले, बूट बाजूला नीट जोडून ठेवलेले.

सिद्राम फेटा बांधून वाढत होता. पंगत वाढायला आचाऱ्याची माणसं होती, पण बुंदीची बादली त्याने त्यांच्या हातातून काढून घेतली होती. मॅडमच्या पानापाशी येऊन तो वाकला. त्या पानावर आडवा हात धरून म्हणत होत्या, "साकु, साकु." पुरे, पुरे.

"इन्न स्वल्प," तो म्हणाला. अजून थोडं. आणि त्यांच्या बोटांच्या फटीतून त्याने बुंदी वाढली.